ज्ञानू हिरुगडे यांचा रिपोर्ट

"यमुनाबाई, कात्र्या ठेवा आणि इकडं या. माझा डोळा धरायचाय," टेंबे डॉक्टरांनी वर्गातून हाक मारली.

सन एकोणनव्वदचा जानेवारी. हेळेवाडीच्या शाळेत आमच्या दवाखान्याचं मोतीबिंदूचं शिबिर होतं. सातवीच्या वर्गात ऑपरेशनं आणि बाकीच्या वर्गांत सतरंज्यांवर ओळीनं पेशंट. तीन दिवसांत एकशे बारा डोळे झाले होते. शेवटचा पाच वाजता झाला आणि मी व्हरांड्यात स्टोव्हवर कात्र्या उकळायला ठेवत होते.

माझं काम सांगितलं की लोक अजून हसतात. मी पापण्यांचे केस कापायची. त्या काळी मोतीबिंदू काढायच्या आधी ते कापावेच लागत. कात्रीच्या पात्यांना व्हॅसलीन चोपडायचं, म्हणजे कापलेला केस पात्याला चिकटतो, डोळ्यात पडत नाही. डाव्या अंगठ्यानं पापणी वर धरायची आणि मुळाशी, पण कातडीला न लागता, तीन-चार कापांत काम उरकायचं. पेशंटला कळायच्या आत झालं पाहिजे. अकरा वर्षं मी हेच करत होते. शिक्षण सातवी. दवाखान्यात माझ्या खाली कुणी नव्हतं, वर सगळे होते.

पण एक गोष्ट मला ठाऊक होती, ती वरच्या कुणाला फारशी ठाऊक नव्हती. ऑपरेशननंतर दीड महिन्यानं पेशंट जाड भिंगाचा चष्मा न्यायला यायचे. डॉक्टर त्यांची नजर बघायचे, मी त्यांच्या पापण्या बघायची. केस परत आलेले असायचे. ऐंशी वर्षांच्या म्हातारीचेसुद्धा. नसते आले, तर बायकांनी मला दवाखान्याच्या दारातच धरलं असतं.

मी आत गेले तेव्हा टेंबे डॉक्टर ऑपरेशनच्या टेबलावर उताणे झोपले होते, चष्मा पोटावर ठेवून. शेजारी मगदूम डॉक्टर हातमोजे चढवत होते. मगदूम म्हणजे आमचे धाकटे डॉक्टर, नुकतेच शिकून आलेले, हाताचे हलके आणि स्वभावानं भित्रे. टेंबे एकसष्ट वर्षांचे, सडसडीत, जिभेला धार. पेशंटशी गोड आणि आमच्याशी तिखट.

त्यांच्या डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर गाठ होती. हे गुपित नव्हतं. गणपतीच्या सुमाराला पहिल्यांदा आली, ती मगदूमांनी कापली. दिवाळीनंतर परत आली, परत कापली. आता संक्रांत झाली नाही तोवर तिसऱ्यांदा वर आली होती, वाटाण्याएवढी. दोन्ही वेळा मी तिथं नव्हते. ती कामं मोठ्या सिस्टर बघायच्या, आणि सिस्टर शिबिराला आल्या नव्हत्या.

"सकाळपासून बुबुळावर दाबतेय," डॉक्टर छताकडं बघत म्हणाले. "धूसर दिसतं. शेवटचे चार डोळे मी कसे केले ते माझं मला माहीत. उद्या घरी जायच्या आधी हे लचांड काढा."

खरं सांगायचं तर त्या दिवशी सकाळीच त्यांनी पापणीवरच्या गाठींवर तासभर प्रवचन दिलं होतं. एक धनगर बाई सुनेला घेऊन आली होती. सुनेचा डोळा लालभडक, पापणीच्या कडेला पुळी आणि तिच्यावर तपकिरी लेप.

"हे काय लावलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"लवंग उगाळून लावलीया. रांजणवाडी झालीया न्हवं तिला. आन् रोज बोट तळहातावर घासून शेकती मी."

"शेकता ते चांगलं करता. बोटानं शेकता ते वाईट करता. ते बोट कुठं कुठं फिरून आलेलं असतं, आजीबाई? केसाच्या मुळाशी घाण जाते, जंतू वाढतात, पू धरतो, म्हणून ठणकतं. ही तुमची रांजणवाडी. स्वच्छ फडकं कोमट पाण्यात बुडवून दिवसातनं चारदा दहा-दहा मिनिटं धरा. फोडायची नाही, पिळायची नाही. आठवड्यात आपली आपण फुटेल. लवंग मसाल्यात घाला."

म्हातारी मागं हटणारी नव्हती. "आन् माज्या जावंला हाय ती? ती दुखत न्हाई. नुसती गोटी हाय, चार म्हयनं झालं."

"ती वेगळी. पापणीच्या आत तेलाच्या बारीक पिशव्या असतात. डोळा कोरडा पडू नये म्हणून देवानं ठेवल्यात. एखादीचं तोंड बुजलं की तेल आत साठतं आणि गोटी होते. ती दुखत नाही, फक्त दिसते. शेकून गेली तर गेली, नाही तर आतल्या बाजूनं छोटी चीर देऊन काढायची. घेऊन या जावेला."

बाई खूश होऊन गेली. डॉक्टर असं समजावून सांगत तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटायचा, तो आजही वाटतो. अशीच एक शिस्त त्यांनी आम्हालाही लावली होती. पन्नाशीच्या वरच्या माणसाची गाठ त्याच जागी दुसऱ्यांदा आली, तर कापलेला तुकडा बादलीत टाकायचा नाही. बाटलीत घालायचा आणि कोल्हापूरला लॅबमध्ये तपासायला पाठवायचा. माणूस कुणीही असो, सरपंच असो की भिकारी.

तर मी हात धुऊन डॉक्टरांच्या उशाशी उभी राहिले. स्पिरिटचा बोळा फिरवला, डावा अंगठा पापणीवर ठेवला आणि सवयीनं केसांच्या रांगेवरून फिरवला. पापणी आली की माझा अंगठा आपोआप तसा फिरतो. मधेच त्याला काही लागेना. गाठीच्या समोर, नखाएवढ्या जागेत, पापणीची कड गुळगुळीत होती.

"साहेब, हितं केस न्हाईत," मी म्हणाले.

"चोळतो मी. चोळून जातात."

"किती दिस झालं?"

"मोजून ठेवले नाहीत, बाई. दिवाळीपासून असेल."

"दिवाळीला गेल्यालं केस आतापतूर यायला पायजेत. आपण मुळापतूर कापतो, तरी दीड महिन्यात येत्यात. हे आल्यालं न्हाईत."

मगदूम डॉक्टर थांबले. टेंबे डॉक्टरांनी उजवा डोळा उघडून माझ्याकडं बघितलं. तो डोळा काही प्रेमळ नव्हता.

"यमुनाबाई, तुम्ही डॉक्टर कधी झालात?"

मी बोळा परत स्पिरिटमध्ये बुडवला.

"मगदूम, सुरू करा. ह्यांचं व्याख्यान आपण जेवताना ऐकू."

मगदूमांनी सुई टोचली, पापणी उलटी केली, चिमटा लावला. मी चिमटा धरून उभी. असल्या गाठी मी शेकड्यांनी बघितल्या होत्या. चीर दिली की आतून करडी, गिळगिळीत जेलीसारखी वस्तू बाहेर येते. इथं तसं झालं नाही. पिवळसर, घट्ट तुकडे निघाले, खरवडून काढावे लागले. मगदूमांनी एक तुकडा चिमट्यात धरून उजेडाकडं नेला.

"सर, पाठवूया का तपासायला? तिसरी वेळ आहे."

"कशाला? तीस वर्षं गाठी कापतोय मी. जुनी गाठ घट्ट होतेच. आणि माझ्या नावाचा फॉर्म लॅबमध्ये गेला की संध्याकाळपर्यंत सगळ्या जिल्ह्यातले डॉक्टर समाचाराला येतील. टाका बादलीत."

मगदूमांनी तुकडे गॉजवर ठेवले आणि गॉज माझ्या हातात दिला. डॉक्टरांच्या डोळ्यावर पट्टी चढली. ते उठले, चहा मागितला आणि बाहेर जाऊन हेडमास्तरांशी राजकारणावर बोलत बसले.

मी गॉज हातात घेऊन बादलीपाशी उभी होते. इथं मला मोठेपणा घ्यायचा नाही. कॅन्सर वगैरे शब्द माझ्या मनातही आला नव्हता. मला एवढंच कळत होतं, की केस यायला हवे होते आणि आले नाहीत. आणि मला रागही आला होता, तोही लपवत नाही. अकरा वर्षं मी ज्या कामात आहे, त्यात मला काय कळतं असं हा माणूस चारचौघांत म्हणाला होता.

मी तुकडे बाटलीत घातले. औषध ओतलं, बूच लावलं. डॉक्टर कोऱ्या फॉर्मांवर आधीच सह्या करून ठेवायचे, त्यातला एक घेतला. आता नाव काय लिहायचं? पेन हातात धरून मी बराच वेळ बसले. पुरुषाचं नाव हवं आणि वय साठीच्या आसपास. मला दुसरं नाव सुचेना. मी माझ्या बाबांचं लिहिलं. ज्ञानू हिरुगडे, वय एकसष्ट, डावी वरची पापणी. 'आधी दोनदा कापली आहे' हेही लिहिलं, कारण फॉर्मवर तशी ओळ होती आणि ती रिकामी ठेवलेली डॉक्टरांना खपायची नाही. दुसऱ्या दिवशी परतताना बाकीच्या बाटल्यांबरोबर ती बाटलीही लॅबच्या पेटीत गेली.

मग भीती सुरू झाली. खोटं नाव लिहिलं होतं. साहेबांनी टाक म्हटलेली वस्तू ठेवून घेतली होती. नोकरी गेली असती तर घर कसं चाललं असतं, ते मला माहीत होतं. नवरा दोन वर्षांपासून अंथरुणाला होता. मी ठरवलं, की रिपोर्ट आला की आपणच आधी उचलायचा. चांगला असला तर चुलीत घालायचा आणि विषय संपवायचा. टपाल रोज अकराला यायचं, तेव्हा मी काही ना काही निमित्त काढून दारात उभी असायची. पोस्टमनला वाटायला लागलं, की मी कुणाच्या तरी पत्राची वाट बघतेय. त्यानं एकदा चेष्टाही केली.

तेराव्या दिवशी एका पोरीच्या डोळ्यात चुना गेला होता. तिला धरून धुण्यात माझा अर्धा तास गेला. तेवढ्यात टपाल आलं आणि शिपायानं थेट डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"यमुनाबाई!"

मी आत गेले. डॉक्टर खुर्चीतून उठून उभे होते. हातात निळा कागद. मगदूम वरच्या वॉर्डात होते, खोलीत आम्ही दोघंच.

"हा ज्ञानू हिरुगडे कोण? रजिस्टरमध्ये नाव सापडत नाही. शिबिरातला आहे का?"

मी मान डोलावली.

"हिरुगडे म्हणजे तुमच्या माहेरची मंडळी ना? कोण लागतो तुमचा?"

"बाबा," मी म्हणाले. नाव बाबांचंच होतं, खोटं नव्हतं.

डॉक्टरांचा चेहराच बदलला. इतकी वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते, पण पेशंटसाठी राखून ठेवलेला तो गोड आवाज माझ्या वाट्याला पहिल्यांदा आला.

"बसा. बसा तुम्ही. हे बघा, घाबरायचं नाही. ही साधी गाठ नाही. तेलाच्या पिशवीतच होणारा एक कॅन्सर आहे. चोर असतो तो. वरून अगदी साध्या गाठीसारखा दिसतो, म्हणून फसवतो. त्यांच्या पापणीचे केस गेलेत का? तिथल्या तिथं?"

"व्हय."

"तेच! तेच लक्षण असतं. रांजणवाडीत गळालेले केस परत येतात, ह्यात येत नाहीत, कारण मूळच खाल्लेलं असतं. पण वेळ गेलेली नाही, बरं का. पापणीपुरतं आहे तोवर काढून टाकता येतं. मुंबईला माझा वर्गमित्र आहे, मी स्वतः फोन करतो. आजच्या आज त्यांना घेऊन या. उशीर केला तर डोळा जाईल, आणखी उशीर केला तर माणूस जाईल." त्यांनी कागदावर परत नजर टाकली आणि मूळचा तिखट आवाज परत आला. "आणि आधी दोनदा कापली आहे, असं लिहिलंय. कुणी कापली? दोनदा कापतो आणि एकदाही तपासायला पाठवत नाही, असला कोण शहाणा भेटला तुमच्या वडिलांना? नाव सांगा. मी त्याला सोडणार नाही."

मला रडू फुटलं. डॉक्टरांनी टेबलावरचा पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. त्या तांब्यानं मला जास्तच रडायला आलं.

"बाबा जाऊन सात वर्सं झाली, साहेब."

"काय?"

"बाबा न्हाईत. मी नुसतं नाव लिवलं त्यांचं."

"मग पेशंट कोण आहे?"

मी त्यांच्या डाव्या डोळ्याकडं बघितलं. त्यापलीकडं मला काही करता आलं नाही. त्यांचा हात चष्म्यापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

"हेळेवाडी," डॉक्टर म्हणाले.

"व्हय."

"मी टाका म्हणालो होतो."

"व्हय साहेब."

"ह्यासाठी मी तुम्हाला कामावरून काढू शकतो, ठाऊक आहे?"

"ठाव हाय."

त्यांनी कागदाची घडी घातली, परत उलगडली. मग टेबलाला वळसा घालून अलीकडं आले आणि पेशंटच्या स्टुलावर बसले. चष्मा काढला, टॉर्च माझ्या हातात दिला आणि डोळे मिटून मान वर केली.

"मोजा," म्हणाले.

मी डावा अंगठा पापणीवर ठेवला. सुईच्या टोकानं मोजावं तसे एकेक केस मोजले, सावकाश. तेही घाई करा म्हणाले नाहीत.

"नाकाच्या अंगाला एकतीस. कानाच्या अंगाला त्रेचाळीस. मधी काय न्हाई."

"हेळेवाडीला होतं तेवढंच, की वाढलंय?"

"वाढलंय, साहेब. थोडं."

त्यांनी डोळे उघडले, चष्मा चढवला. मग म्हणाले, "मगदूमना खाली बोलवा. त्यांना दोष द्यायचा नाही, पोरगं घाबरेल. त्यांनी विचारलं होतं मला. तुम्हीही सांगितलं होतं." आणि उठता उठता, "घरी मी सांगतो. तुम्ही कुठं बोलू नका."

दुपारच्या एसटीनं ते मुंबईला गेले. तिथं त्यांची अर्धी पापणी काढली आणि खालच्या पापणीची कातडी वर ओढून नवी केली. सहा आठवडे तो डोळा शिवलेला होता. इथं मगदूमांनी एकट्यानं दवाखाना ओढला आणि ते अर्धे झाले. मी रोज अकराला टपाल बघायची, आता निमित्त न काढता. चैत्र महिन्यात डॉक्टर परत आले. डोळा शाबूत होता, नजर शाबूत होती, जीभही शाबूत होती. आल्या आल्या त्यांनी मला खोट्या नावाबद्दल सगळ्यांसमोर झापलं आणि लॅबला पत्र घालून नाव दुरुस्त करून घेतलं. केस तेवढे आले नाहीत. दुसऱ्या जागेवरून आणलेल्या कातडीला ते येतच नाहीत.

पुढच्या जानेवारीत आम्ही दुसऱ्या गावात शिबिराला होतो. पन्नासेक पेशंट सतरंज्यांवर ओळीनं बसलेले. डॉक्टर एका म्हाताऱ्याचा डोळा तपासायला अगदी जवळ वाकले, तर म्हातारा त्यांचाच डोळा निरखायला लागला.

"साहेब, तुमच्या ह्या पापनीला क्यास न्हाईत व्हय?"

मगदूमांनी जमिनीकडं बघितलं.

"नाहीत," डॉक्टर म्हणाले. "एक वाईट गाठ होती. त्यात गेले."

"आन् तुमी सोता डोळ्याचं डॉक्टर असून?"

"मी डॉक्टर असून. मला नाही दिसलं. ह्या बाईंना दिसलं." ते सरळ झाले आणि माझ्याकडं वळले. "यमुनाबाई, ह्यांच्या पापण्या घ्या कापायला. काही वेगळं लागलं हाताला, तर सांगा. मी ऐकणार आहे."